माझा घसा आणि त्यांचे तास

घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "जर्मन शिकवते." ते म्हणाले, "म्हणजे बोलण्याचं काम." मी म्हटलं, "ओरडण्याचं म्हणा." पण माझा आवाज तेव्हा इतका फाटका येत होता की विनोद त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी पडद्यावर माझं स्वरयंत्र दाखवलं, त्यावरच्या बारीक गाठी दाखवल्या आणि दोन आठवडे पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. नवऱ्यानं त्यांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, की दोन आठवडे म्हणजे दोनच ना. त्याच्या सुरात काळजी होती की आशा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आम्ही बडोद्याला रावपुऱ्यात राहतो. माझे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, आजोबा आणि वडील शिक्षक, आणि मी लग्नाच्या आधीपासून जर्मन शिकवत आले आहे. आधी कॉलेजात शिकवलं, आता निवृत्त झाल्यावर सयाजीगंजात एका हॉटेलावरच्या मजल्यावर खोली घेऊन शिकवते. हॉटेल म्हणजे पावभाजीचं. संध्याकाळी खाली तव्यावर उलथनं आपटायला लागतं, रस्त्यावर रिक्षावाले स्टेशनचं गिऱ्हाईक ओरडून गोळा करतात, आणि या सगळ्यांच्या वरचा सूर लावून मी क्रियापदं चालवते. वर्ग गच्च भरलेला असतो. परिचारिका, डिप्लोमावाले, पुढं शिकायला जाणारी मुलं, बहुतेक गुजराती, चार-दोन मराठी. मी बोलते, विचारते, चुका काढते, पुन्हा विचारते. मला हे काम मनापासून आवडतं, आणि त्यातला स्वतःचा आवाज तर फारच आवडतो.

वर्ग दोन आठवडे बंद ठेवावा असं आधी मनात आलं. पण परीक्षा महिन्याभरावर आली होती, आणि वर्गात एक मुलगी अशी होती जिला या वेळी नापास होऊन चालणार नव्हतं.

मुलगी म्हणजे शहराबाहेरच्या बाजव्यातल्या एका मराठी घरातली सून. नवरा जर्मनीत एका कारखान्यात वेल्डर. लग्न झालं आणि दोन महिन्यांत तो तिकडे गेला. तिला त्याच्याकडे जायचं तर पहिल्या पायरीची जर्मन परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय व्हिसा मिळत नाही. लग्नाचा दाखला एकटा पुरत नाही, बायकोला "मीठ द्या" म्हणताही आलं पाहिजे. ती एकदा परीक्षेला बसून पडली होती. लिहिणं, वाचणं ठीक, आणि बोलण्यात एवढे कमी गुण की सगळंच खाली आलं. नवरा जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. शेजारणी सासूबाईंना खोचक विचारू लागल्या होत्या, आणि नवरा फोनवर म्हणाला होता की या वेळी नाही जमलं तर राहू दे, मीच येईन दोन-तीन वर्षांनी परत. हे सगळं मला तिनं सांगितलेलं नाही. तिच्या सासऱ्यांनी सांगितलं.

सगळं तेच सांगत. रिफायनरीच्या बाजूच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला, भला, उंच माणूस. सुनेला स्कूटरवरून आणायचे, वर्ग सुटेपर्यंत खाली चहा पीत बसायचे आणि परत न्यायचे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, माझे कचेरीत होते असं मी सांगितलं, आणि तेवढ्यावर आमची ओळख पक्की झाली. वर्ग सुटला की ते जिना चढून वर यायचे. सून त्यांच्या मागे अर्धं पाऊल उभी. "मॅडम, ती विचारते की कोणत्या शब्दाला दास लावायचं आणि कोणत्याला डेर, ते कसं ओळखायचं? मॅडम, ती विचारते की उद्या सुट्टी आहे का? मॅडम, तुम्ही तिला जरा जास्त बोलतं करा ने." तिनं त्यांना हे केव्हा विचारलं होतं कोण जाणे. मी तरी तिला कधी काही विचारताना ऐकलं नव्हतं.

त्यातून ती धुळ्याकडची. बडोद्यात लग्न होऊन आली तेव्हा गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. माझा वर्ग अर्धा गुजरातीत चालतो, विनोद तर सगळेच गुजरातीत. म्हणजे तिला जर्मन शिकायचं तर आधी माझं गुजराती कळायला हवं. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती. जर्मन शब्दाच्या शेवटी जो अर्धवट "अ" येतो तो गुजराती मुलांना जमता जमत नाही, "कृपया"च्या जर्मन शब्दाला ती "बिट्टे" म्हणतात. मराठी माणूस रोज "केलं, गेलं, झालं" म्हणतो, त्याला तो उच्चार फुकट मिळतो. ती "बिटं" म्हणायची आणि अगदी बरोबर म्हणायची. पण ते मी म्हणायला लावलं तर. आपण होऊन नाही.

पहिल्या वेळी नापास कशी झाली हे मी तिला विचारलं होतं. त्या परीक्षेत परीक्षार्थ्यांना समोरासमोर बसवतात आणि चिठ्ठ्या देतात. चिठ्ठीवर शब्द असतो, समजा "सकाळ". त्यावरून तुम्ही शेजारच्याला प्रश्न करायचा, तुम्ही सकाळी किती वाजता उठता, वगैरे. दुसऱ्या चिठ्ठीवर वस्तूचं चित्र असतं, ती वस्तू मागायची. ती चिठ्ठी हातात धरून गप्प बसून राहिली होती. "का गं? येत नव्हतं?" मी विचारलं. "येत होतं ना, मॅडम. पण समोर एक मोठ्या बाई होत्या. त्यांना मी कसं विचारणार, तुम्ही किती वाजता उठता म्हणून?" मी कपाळाला हात लावला. आता यावर कोणतं व्याकरण शिकवायचं? तिला वाक्य येत होतं. विचारायचा धीर नव्हता, आणि मागायची सवय नव्हती.

इथं आमच्या वर्गातला "ने" सांगायला हवा. बडोद्यात कोणालाही काहीही करायला सांगायचं तर वाक्याच्या शेवटी "ने" लावतात. आवो ने, बेसो ने, आपो ने. गुजरातीतला हा "ने" आमच्या मराठीतही शिरला आहे, "ये ना" म्हणायच्या जागी आम्ही बिनदिक्कत "ये ने" म्हणतो. माझी मुलं तो जर्मनलाही लावतात. "कॉमन झी ने," म्हणजे या ने. एवढंसं "ने" जोडलं की कठोर वाटणारं वाक्य त्यांना माणसात आल्यासारखं वाटतं. मी त्याच्यावर पूर्ण बंदी घातली होती. माझ्या वर्गात ने चालणार नाही, असं दर वर्षी पहिल्याच दिवशी जाहीर करते. खरं तर उत्तर जर्मनीतले लोक स्वतःच वाक्याच्या शेवटी "ने" लावतात, "हो ना?" अशा अर्थानं. पण हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलांनी मला पुढची दहा वर्षं तेच ऐकवलं असतं.

तर, मौनाच्या पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं की माझा आवाज बंद आहे, उद्यापासून रोज तुमच्यापैकी एकजण शिकवेल, मी मागे बसेन. वर्गात एकच गलका झाला. "अमारे भणाववानुं?" म्हणजे आम्ही शिकवायचं? मी मान डोलावली. कोणी म्हणालं सोपा विषय द्या, कोणी म्हणालं मला शनिवारी नको. मी खडूनं विषय आणि माणसं वाटून दिली. सासरे वर आले तेव्हा त्यांनीही फळा वाचला. जरा वेळ विचार करून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू, पण शिकवायचं तुम्ही, की यांनी?" एरवी मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं असतं. त्या दिवशी घशाकडे बोट दाखवून हात जोडले. ते "बरं, बरं" म्हणत सुनेला घेऊन खाली उतरले, आणि गप्प राहण्याचा हा एक फायदा माझ्या लक्षात आला.

पहिले एक-दोन तास माझ्या जिवावर आले. डिप्लोमाच्या एका मुलानं इंटरनेटवरून उचललेली चित्रं भिंतीवर दाखवली आणि इंग्रजीतून जर्मन शिकवलं. चुकीचं तर इतकं बोलला की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. दुसऱ्यानं आकडे घेतले आणि सगळ्यांना हौजी खेळायला लावली. मग एका परिचारिकेनं शरीराचे अवयव घेतले. तिनं येताना बँडेजचा गुंडाळा आणला होता. एकेकाला उभं करून ती विचारायची, कुठं दुखतं? तो जो अवयव जर्मनमध्ये सांगेल तिथं ती सराईतपणे पट्टी बांधायची. अवयव चुकला तरी पट्टी बांधायची, म्हणजे नाक म्हणायचं होतं आणि कान म्हणाला तर कानाला. तास संपला तेव्हा निम्मा वर्ग जखमी दिसत होता. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण गुडघ्याचा जर्मन शब्द त्या दिवसाइतका पक्का कधी कोणाच्या डोक्यात गेला नसेल.

मागच्या बाकावर बसून, तोंडाला कुलूप लावून, मला एक साधी गोष्ट दिसली. त्या परिचारिकेनं एका तासात जेवढे प्रश्न विचारले तेवढे तिनं माझ्या वर्गात सहा महिन्यांत विचारले नव्हते. विचारणार कधी? माझ्या वर्गात प्रश्न मी करते, उत्तर मुलं देतात. मी म्हणते कुठं राहता, ती म्हणतात बडोद्याला राहतो. वर्षभर हेच. उत्तरं त्यांची तोंडपाठ होतात आणि प्रश्न माझ्याकडेच राहतात. मग परीक्षेत प्रश्न करायची वेळ आली की घोडं अडतं. हे काही फार मोठं रहस्य नाही, कोणत्याही शिकवणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, हो, असं होतं खरं. पण तोंड चालू असताना हे दिसत नाही.

मी तिथल्या तिथं ठरवलं. बाजव्याच्या सुनेला मी रंग दिले होते, कारण ते सोपे. फळ्यावर जाऊन ते पुसले आणि तिच्यापुढं लिहिलं, "मागणं आणि विचारणं". तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर रस्त्यात एकटीला सोडून दिलं आहे. वर्ग सुटल्यावर सासरे आलेच. "मॅडम, ती विचारते की विषय बदलता येईल का?" मी हसून जोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

तिचा दिवस आला. ती कापडी पिशवी घेऊन आली आणि टेबलावर एकेक वस्तू मांडली. मिठाची वाटी, पाण्याची बाटली, चमचा, कंगवा, किल्ली, छत्री, कांदा, साबणाची वडी. सगळं घरातलं. मग फळ्यावर सुवाच्य अक्षरात मागायचं वाक्य लिहिलं, "गेबन झी मिर बिटं", म्हणजे मला कृपा करून द्या, आणि त्याखाली वस्तूंची नावं. वळली आणि हातानं खूण केली, मागा. मुलं एकेक करून उभी राहू लागली. मला बिटं पाणी द्या. मला बिटं कांदा द्या. पाण्याला जर्मनमध्ये "वासर" म्हणतात, त्यावर वर्गातला एक मराठी मुलगा दर वेळी हंबरतो, तसा तो हंबरला. ती मागेल त्याला वस्तू देत गेली. तास उत्तम चालला होता.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, ही तर एक शब्द बोलली नव्हती! मागायचं सगळ्यांनी, हिनं फक्त द्यायचं, असा बेत तिनं घरून पक्का करून आणला होता. विषय माझा आणि युक्ती तिची. मला राग यायला हवा होता, पण कौतुकच वाटलं. सासरी वावरताना शिकलेली विद्या तिनं वर्गात वापरली होती.

एवढाच हिशेब तिचा चुकला, की वस्तू संपल्या. शेवटची साबणाची वडी गेली आणि टेबल रिकामं झालं. घड्याळात अर्धा तास बाकी होता. तिच्यापाशी देण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि वर्गात आठ जणांच्या हातात तिच्या घरातली एकेक वस्तू होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घशाकडे बोट दाखवलं. तिनं दाराकडे पाहिलं, सासरे खाली चहाच्या टपरीवर होते. मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि हातानं खूण केली, परत माग.  खालून तव्यावरच्या उलथन्याचा आवाज येत होता. मला तिची दया आली, पण मी जागची हलले नाही.

शेवटी ती पहिल्या बाकावरच्या मुलापुढं जाऊन उभी राहिली. हाच तो इंग्रजीतून जर्मन शिकवणारा, तोंडाचा फाटका, मनानं वाईट नाही. त्याच्याकडे मिठाची वाटी होती. "गेबन झी मिर," ती म्हणाली आणि थांबली. घसा खाकरला. "गेबन झी मिर दास झाल्त्स." मला मीठ द्या. वाक्य पुरं झालं, पण तिला ते फार उद्धट वाटलं असावं. तिनं घाईनं शेवटी जोडलं, "ने."

वर्गात हशा पिकला. ज्या "ने"बद्दल सगळ्यांनी माझी बोलणी खाल्ली होती, तो "ने" या धुळ्याच्या मुलीनं, भर शिकवताना, मी मागे बसलेली असताना लावला. पहिल्या बाकावरचा तर टेबलावर हात आपटून हसत होता. तिचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं आता ही रडणार, पिशवी उचलून खाली जाणार, आणि परीक्षाही गेली. मी अर्धी उठले होते.

"वारुम लाखन झी?" ती म्हणाली.

तुम्ही का हसता? वाक्य अचूक होतं. आवाज मोठा नव्हता, पण खालच्या तव्याच्या वर ऐकू आला. मी खाली बसले. तो मुलगा गडबडला. गुजरातीत काहीतरी म्हणायला लागला. ती म्हणाली, "आउफ डॉइच." जर्मनमध्ये सांगा. तिनं त्याला "तू" सुद्धा म्हटलं नाही. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण "झी", म्हणजे अहो-जाहोच. त्या अहो-जाहोनं तो आणखीच हबकला. "इख... निख्त लाखन," म्हणाला. मी नाही हसत. जर्मनमध्ये "डोख" असा एक छोटा शब्द आहे. समोरचा नाही म्हणाला की तो उलटवायला वापरतात. आपण "हसतोयसच की" म्हणतो त्यातला तो "च की". गेल्याच महिन्यात मी तो शिकवला होता आणि कोणालाही नीट वापरता येत नव्हता. "डोख," ती म्हणाली. "झी लाखन. वारुम?"

 का हसलो हे सांगायचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. तो उभा राहिला आणि वाटी दोन्ही हातांनी तिला परत दिली. वर्गात कोणी हसलं नाही. तिनं "डांकं", म्हणजे धन्यवाद, म्हटलं, वाटी टेबलावर ठेवली आणि पुढच्या बाकाकडे गेली.

त्या अर्ध्या तासात तिनं सगळ्या वस्तू परत मागितल्या, पण नुसत्या मागितल्या नाहीत. परिचारिकेला विचारलं, तुम्ही घरी केव्हा जाता? नऊ वाजता. मग स्वयंपाक कोण करतं? आई. आईला कोण मदत करतं?  हंबरणाऱ्या मुलाला विचारलं, तुम्ही जर्मनीला का जाता? तो म्हणाला पैसे. मग तिनं विचारलं, तुमची आई काय म्हणते? हे प्रश्न पुस्तकात नव्हते. दीड वर्ष या गावात कोणाला काही न विचारता राहिलेल्या बाईच्या मनात साठलेले प्रश्न होते ते. व्याकरण मधूनमधून घसरत होतं, पण उत्तरं द्यायला मुलांच्या नाकी नऊ आले. मला तेव्हा फार आनंद झाला. हेवाही वाटला, हे लपवत नाही. शाबास म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी मागे एकटीच टाळ्या वाजवत राहिले.

सासरे वर आले. "मॅडम, ती विचारते की उद्या..." एवढं बोलले आणि मागून आवाज आला, "बाबा, मी विचारते." ते बाजूला झाले. तिनं विचारलं, "मॅडम, उद्या मी परत शिकवू का?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "चालेल ने?" त्यांनी मला हळूच विचारलं. तो "ने" मी चालवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला तास मिळाला नाही, कारण सगळ्यांनाच हवा होता. माझा आवाज परत आल्यावर मी माझी जागा घेतली, पण आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडे ठेवले. तेही आता सवयीचं झालं आहे. कधी तास फुकट जातो, कधी वर्ग घरगुती भांडणासारखा होतो. काही पालकांना अजून पटलेलं नाही. मी बोलण्यावर थोडा आवर घालायला शिकले असं नवरा म्हणत नाही, पण डॉक्टर म्हणतात.

परीक्षा अहमदाबादला झाली. मी गेले नव्हते. तिनं येऊन सांगितलं, की या वेळी समोर एक मुलगा होता. त्याच्या चिठ्ठीवर "शनिवार-रविवार" होतं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा तिनंच त्याला खुणेनं सावर म्हटलं आणि आपली पाळी आल्यावर सोपा प्रश्न विचारला. खिडकी उघडा म्हणायचं होतं तेव्हा "ने" लागलाच. परीक्षक बाई हसल्या आणि त्यांनी मान डोलावली. निकाल लागला. बोलण्यात तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती एकटी आली. बाजव्याहून बसनं स्टेशनला आणि तिथून चालत, सासऱ्यांशिवाय. बडोद्याचा ओलसर, बटाट्याचा लीलो चिवडा आणला होता. वर्ग सुरू व्हायला वेळ होता, आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसलो. मी म्हटलं, "आता काय बाई, चाललीस. तयारी झाली का?" ती म्हणाली, "घरात सगळे तयारीलाच लागलेत. सासूबाईंनी बॅग काढलीय, बाबा एजंटाकडे जाऊन आले." मग थोडी थांबली. "मॅडम, मी ह्यांना जर्मनीला फोन केला होता. ते बोलत होते तिकीट असं, थंडी तशी. मी मधेच विचारलं, मी यावं असं तुम्हाला वाटतं का? हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा. सगळं परीक्षेवरच चाललं होतं."

"मग?" मी म्हटलं.

"चिडले. म्हणाले, हा काय प्रश्न झाला? खोली घेतली, कागद केले, दीड वर्ष वाट बघतोय. मी म्हटलं, ते सगळं खरं, पण मी विचारलं त्याचं उत्तर द्या.   सासूबाईंना वाटलं मी भांडतेय, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मग म्हणाले, इथं कारखान्यात मला कोणी काही विचारत नाही. काम दाखवतात, मी करतो. दीड वर्षात मला कोणी काही विचारलेलं नाही, आज तू विचारलंस."

 तिच्या या नवऱ्याला मी कधी पाहिलेलं नाही, तोवर तो माझ्यासाठी नुसतं व्हिसाचं कारण होता. माझे डोळे भरून आले. तिचे कोरडे होते, ती सांगायच्या नादात होती.

"पुढं काय बोलायचं ते मला कळेना," ती म्हणाली. "म्हणून नुसतं विचारलं, जेवलात का? तर रडायलाच लागले हो, मॅडम."